वैशाखवणवा आणि आमची स्वयंपाकघरे

२०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामानकेंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले, आणि पुढे एक-दोन दिवस आमच्या शहरात दुसरा विषय म्हणून राहिला नाही. पानपट्टीवर, कचेऱ्यांत, महाविद्यालयाच्या प्राध्यापककक्षात, जिकडे तिकडे तोच आकडा. त्याच सुमारास दिल्लीतील मुंगेशपूर येथील केंद्रानेही ५२.९ अंश दाखविले होते. दोन्ही ठिकाणच्या यंत्रांत दोष होता, असा खुलासा हवामानखात्याने मागाहून केला. तो वाचून मंडळी किंचित हिरमुसली. जणू हाती आलेले बक्षीस कोणी काढूनच घेतले. नागपूरकरास आपल्या उन्हाचा एक प्रकारचा अभिमान असतो. २०१३ च्या मे महिन्यातील ४७.९ अंशांचा दाखला आम्ही परगावच्या पाहुण्यास देतो, तो घराण्यातील एखाद्या पराक्रमी पूर्वजाची गोष्ट सांगावी अशा थाटाने.

परंतु त्या चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि आम्हीही विचारला नाही, हे कबूल करण्यास आम्हांस लाज वाटते. हे तापमान नेमके कोठले? वेधशाळेचा तापमापक उन्हात ठेवलेला नसतो. चार पायांवर उभी केलेली, पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंनी झडपा असलेली एक लाकडी पेटी असते. तिच्यात, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत व खेळत्या हवेत तो पारा विराजमान असतो. शास्त्रदृष्ट्या हे योग्यच आहे. हवेचे तापमान मोजावयाचे तर उन्हाचा प्रत्यक्ष झोत टाळलाच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, एका निर्जीव पाऱ्यास आपण सावली देतो, वारा देतो, पांढरा रंग देतो. आणि आपल्याच घरात, भर दुपारी बारा वाजता, पेटत्या शेगडीपुढे जी उभी असते तिला यांतले काय देतो? वेधशाळेच्या पेटीत ४५ अंश असतात तेव्हा त्या ओट्यापाशी किती असतात, हे महाराष्ट्रातील किती सुशिक्षित गृहस्थांनी कधी मोजून पाहिले आहे?

प्रस्तुत लेख याच प्रश्नाविषयी आहे. उन्हाळा निसर्ग पाठवितो हे खरे. पण घरात तो कोणाच्या वाट्यास किती यावा हे निसर्ग ठरवीत नाही, आपण ठरवितो. आणि आपण ते अतिशय अन्यायाने ठरविलेले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्हांस ग्रंथांतून सुचलेले नाही. ज्या प्रसंगाने ते आमच्या पदरी पडले तो सांगणे आमच्या प्रतिष्ठेस पोषक नाही, तरीही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मे महिन्यात आमच्या घरी पुण्याचे एक स्नेही जेवावयास होते. बैठकीत कूलर लावलेला, वाळ्याचा सुवास दरवळलेला, आणि संभाषण चाललेले वाढत्या जागतिक तापमानावर. आम्ही त्या विषयावर नुकतेच एक व्याख्यान दिले होते, तेव्हा आमच्या वाणीस चांगलाच बहर आला होता. आतून एकेक गरम पोळी येत होती. तव्यावरून थेट पानात. पाहुण्यांनी पोळीची तारीफ केली. आम्ही ती यजमानाच्या सहज अधिकाराने स्वीकारली. पुढे पोळी यावयाची थांबली. आम्ही एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली; आणि दुसऱ्या हाकेत किंचित त्रासिकपणा होता हेही आम्हांस आज स्पष्ट आठवते. उत्तर येईना म्हणून उठून पाहतो, तो सौभाग्यवती ओटा आणि फ्रीज यांच्यामधल्या कोपऱ्यात, भिंतीस टेकून जमिनीवर बसलेली. चेहरा पांढरा पडलेला, हात थरथरत असलेले. आम्हांस पाहून ती म्हणाली, “काही नाही हो, जरा भोवळ आली. तुम्ही बसा, पाहुणे आहेत. तेवढा गॅस बंद करा, पोळी करपेल.”

पोळी करपेल! त्या अवस्थेतही काळजी पोळीची. डॉक्टर आले, त्यांनी मीठ-साखरेचे पाणी दिले, अंग पुसून घेण्यास सांगितले, आणि आणखी अर्धा तास असाच गेला असता तर रुग्णालयात न्यावे लागले असते, असे बजावून गेले. आमचे स्नेही ओशाळले, आम्हीही ओशाळलो. त्या दिवशी प्रथमच आम्ही भर दुपारी पाच मिनिटे आमच्या स्वयंपाकघरात उभे राहिलो. बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच! बाहेर येताना आमचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि व्याख्यानात वापरलेले सर्व आकडे आमच्या मनातून उडून गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिंतीवरचा तापमापक काढून त्या ओट्याजवळ टांगला. पारा कोठवर चढला तो आकडा आम्ही येथे देत नाही. कारण आमच्या घरचा आकडा वाचून वाचक चुकचुकतील आणि पान उलटतील. प्रत्येकाने तो आपापल्या घरी पाहावा.

स्वयंपाकघरच घरात सर्वांत अधिक का तापते, याची कारणे गूढ नाहीत. पहिले कारण अर्थातच अग्नी. शेगडीतून निघालेल्या उष्णतेचा थोडा अंश अन्नात जातो. उरलेली सर्व त्या खोलीच्या हवेत, भिंतींत आणि जवळ उभ्या असलेल्या शरीरात शिरते. दुसरे कारण वाफ. गॅस जळताना कर्बवायूबरोबर पाण्याची वाफही निर्माण होते. तीत कुकरची व उकळत्या वरणाची भर. तिसरे कारण असे की, पोळ्या चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाही तर ज्योत फडफडते आणि तवा सारखा तापत नाही. आता शरीराचा धर्म पाहा. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. भोवतालची हवा त्याहून तप्त झाली की ती शरीरातील उष्णता काढून घेत नाही, उलट शरीरास उष्णता देऊ लागते. तेव्हा अंग निवविण्याचा एकच मार्ग उरतो, घाम येणे व तो वाळणे. घाम वाळावयास कोरडी हवा पाहिजे आणि वारा पाहिजे. स्वयंपाकघरात हवा वाफेने दमट झालेली, आणि वारा आपणच कळ दाबून बंद केलेला! उष्मा, दमटपणा आणि कोंडमारा या तिन्ही गोष्टी घरातील ज्या एकाच जागी एकत्र येतात, ती जागा आपण घरातील एका व्यक्तीस नेमून दिलेली आहे.

आणि सोयींची वाटणी कशी झाली आहे? विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर हे मोठे गुणी यंत्र आहे. ओल्या पडद्यांतून कोरडी हवा ओढली की पाण्याचे बाष्प होते आणि हवा गार होते. पण ते लागते बैठकीच्या खिडकीस. तेथून आत झिरपत झिरपत स्वयंपाकघरापर्यंत जे पोहोचते त्यातला गारवा वाटेतच संपलेला असतो, दमटपणा तेवढा शिल्लक राहतो. ज्यांनी वातानुकूलनाचे यंत्र घेतले त्यांची तऱ्हा याहून निराळी नाही. हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तीत मिळविते. नव्या सदनिकांत त्याचा बाहेरचा भाग पुष्कळदा धुणी वाळत घालण्याच्या चिंचोळ्या बाल्कनीत बसविलेला असतो, आणि स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी उघडते तीही तेथेच. म्हणजे निजावयाच्या खोलीतील उष्णता उपसून ती पोळ्या लाटणारीच्या तोंडावर फेकावयाची, याचे नाव आधुनिक गृहरचना!

कोणी म्हणेल, उन्हाळ्यात काम तरी कमी असेल. उलट आहे. आमच्या समाजाने वर्षातील जड कामे नेमकी वैशाख-ज्येष्ठासाठी राखून ठेवलेली आहेत. शाळांना सुट्ट्या, म्हणून मुले घरी. मुले घरी, म्हणून दर दोन तासांनी काही तरी खावयास. लग्नसराई, म्हणून पाहुणे. आंब्याचे दिवस, म्हणून आमरस. आणि आमरसास शेवया किंवा तळलेल्या पुऱ्या तर पाहिजेतच. कुरडया, पापड, शेवया, सांडगे, वर्षाचे तिखट-मसाले, लोणची ही सर्व वाळवणे उन्हाशिवाय होत नाहीत, म्हणून भिजविलेल्या गव्हाचा चीक शिजवून घाटावयाचा तो याच दिवसांत, आणि गच्चीवर तापलेल्या सिमेंटवरून अनवाणी वावरावयाचे तेही याच दिवसांत. त्यात अधिक मास ज्येष्ठात आला, जसा तो २०१८ साली आला होता, तर जावईबापूंसाठी पुरणाचे धोंडे आणि अनारसे. मुलगी माहेरी आली म्हणजे तिला विसावा मिळतो असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. पण तो विसावा आकाशातून पडत नाही. तिची आई किंवा भावजय तो ओट्यापाशी उभी राहून तयार करीत असते.

हे आमचे घरगुती निरीक्षण नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर जी वेळवापराची पाहणी केली तीत असे आढळले की, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवितात, आणि पुरुष ९७ मिनिटे. त्यातही स्त्रियांपैकी शंभरांत सुमारे ८१ या कामास हात लावतात, पुरुषांपैकी शंभरांत केवळ २६. म्हणजे ती ९७ मिनिटेदेखील समस्त पुरुषवर्गाची नव्हेत. जे थोडे लोक काही तरी करतात त्यांची आहेत. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. मे महिन्यातील ते पाच तास कोठे जातात ते वर सांगितलेच आहे.

या अन्यायाची दखल आमच्या वाङ्मयाने घेतली आहे काय? ऋतुसंहाराचा पहिलाच सर्ग ग्रीष्माचा. त्यात चंदनाची उटी आहे, मोत्यांच्या माळा आहेत, जलयंत्रांनी निवविलेली मंदिरे आहेत, चांदण्या रात्री आहेत. पुरुषाचा दाह शमविण्याची साधने म्हणून स्त्रियाही तेथे आहेत. चूल मात्र कोठेही नाही. राजवाड्यातील मंडळी काय जेवीत होती आणि ते कोण रांधीत होते, याची कविकुलगुरूस पर्वा नव्हती. त्याच्या काव्यास आम्ही कमी लेखीत नाही. पण त्यानंतर दीड हजार वर्षांहून अधिक काळ लोटला आणि आमचे आजचे ललितलेखक काय लिहितात? माठातले वाळ्याचे पाणी, मोगऱ्याचा गजरा, कैरीचे पन्हे, अंगणातील खाट. पन्ह्यासाठी कैऱ्या कोणी उकडल्या, खाटेवर पाणी शिंपडून चादर कोणी अंथरली, हा प्रश्न त्या सुरेख गद्यास शिवत नाही. आम्ही स्वतः असे लेख वर्षानुवर्षे वर्गात शिकविले आणि रसग्रहणाचे गुण वाटले, हेही येथे नमूद करतो.

इंग्रजी अमदानीतील साहेब या बाबतीत निदान दांभिक नव्हता. नागपुराच्या सिव्हिल लाइन्समधील जुने बंगले पाहा: जाड भिंती, उंच छते, रुंद ओसरी, दारांना वाळ्याच्या ताट्या, आणि स्वयंपाकघर बंगल्यापासून वेगळे, मागच्या अंगास. साहेब निजत असे आणि बाहेर बसलेला माणूस दोरी ओढून पंखा हालवीत असे. एकाच्या गारव्यासाठी दुसऱ्याने घाम गाळावा हा व्यवहार तेथे उघड होता. त्यास पगार होता आणि ‘पंखेवाला’ असे नावही होते. साहेब गेला, झुलता पंखा गेला; पण पंखेवाला गेला नाही. व्याकरणातील लिंग तेवढे बदलले, आणि पगार बंद झाला.

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप असा की, ऊन काही आज नवे नाही. आमच्या आज्या-पणज्या चुलीपुढे बसून वीस माणसांचा स्वयंपाक करीत आणि तक्रार करीत नसत. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. जुन्या चुलीचा धूर, तिने खराब केलेले डोळे व फुप्फुसे यांचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. तथापि वऱ्हाड-खानदेशातील धाब्याची मातीची घरे, जाड भिंती, मागचे उघडे परसदार यांमुळे ऊन आत शिरावयास वेळ लागे. आजची सिमेंटची स्लॅब दिवसभर उष्णता पिते आणि रात्रभर ती खाली ओकते. शिवाय ऊनही तेवढेच राहिलेले नाही. १८५० ते १९०० या काळाच्या मानाने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने वाढले होते, असे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने २०२१ साली सांगितले आहे. आणि तक्रारीविषयी म्हणाल, तर आजीने सोसले हे सत्य आहे. आजीला कोणी विचारले होते हे असत्य आहे.

दुसरा आक्षेप सवयीचा. “त्यांना सवय असते.” शरीर उष्म्यास काही प्रमाणात सरावते हे वैद्यकशास्त्र मान्य करते, आठ-पंधरा दिवसांत घाम लवकर येऊ लागतो. परंतु त्या सरावास पाणी लागते, विश्रांती लागते, आणि रात्री शरीर निववावे लागते. गर्भवतीस, वृद्धेस, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या स्त्रीस सरावाचा हा आधार फारच तोकडा पडतो. सवय हा शब्द आपल्या भाषेत नेहमी सोसणाऱ्याविषयी असतो, आणि तो उच्चारणारा नेहमी न सोसणारा असतो.

तिसरा आक्षेप अधिक सोज्ज्वळ आहे. गरम पोळी वाढण्यात गृहिणीची माया असते, तिला त्यात समाधान असते, तुम्ही तेथे हिशेब कशास आणता? मायेस आमचा विरोध नाही. पण जी माया एकाच बाजूने, ४५ अंशांत, रोज, चुकल्यास त्रासिक हाकेच्या धाकाखाली दाखवावी लागते, तिला माया म्हणावे की वेठ, याचा निवाडा वाचकांनीच करावा. आणि मायेस तापलेला तवाच लागतो असेही नाही. ज्या पुरुषास पत्नीविषयी माया आहे त्याने सकाळी केलेली पोळी दुपारी गार खाऊन ती सिद्ध करावी.

चौथा आक्षेप आमच्या वर्गातील पुष्कळांच्या ओठांवर असेल: “आमच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे.” हा तर आक्षेप नसून आरोपपत्र आहे. ती बाई येते केव्हा? आमच्या घरी धुण्याभांड्यांस येणारी बाई तीन घरे आटोपून भर दीड वाजता येत असे. डोक्यावर पदर, पायांत झिजलेली चप्पल, आणि परत जावयाचे ते पत्र्याच्या घरात, जेथे दुपारी आत बसण्यापेक्षा बाहेर झाडाखाली बसणे बरे. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आमच्या घरात पाण्याविषयी जागरूकता आली, म्हणून सौभाग्यवतीने तिला एक दिवस पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने नको म्हटले. आग्रह केला तेव्हा ती हळूच म्हणाली, “पानी पेलं का मंग जागा पाहा लागते, ताई.” सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत ती ज्या चार सुशिक्षित घरांत वावरत होती, त्यांपैकी एकाही घरातील शौचालय तिला मोकळे नव्हते, आणि त्या चारांत आमचे घर होते. कोणी तिला मनाई केली नव्हती. पण कोणी परवानगीही दिली नव्हती, आणि आपल्या समाजात न दिलेली परवानगी म्हणजेच मनाई होय. म्हणून ती बाई उन्हाळाभर पाणी पीत नसे. पाणपोई घालणे हे पुण्य, अक्षय्यतृतीयेस पाण्याचा घट दान करणे हे पुण्य. आणि रोज दारी येणारी बाई तहानलेली परत जाते! या पुण्याचा हिशेब चित्रगुप्तालाही लागणार नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, भोवळ येणे, तहान लागणे या किरकोळ गोष्टींचा तुम्ही पर्वत केलात. किरकोळ? २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, त्या महिन्यात नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांस मागाहून आढळले. त्यावरूनच २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, आणि पुढे इतर शहरांनीही, ज्यांत आमचे नागपूरही आहे, तो कित्ता गिरविला. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात सातशेंहून अधिक माणसे उष्म्याने दगावली. त्यांतील कितीएक एकाकी वृद्ध आपापल्या खोल्यांत, बंद दारांमागे मेले. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात सुमारे सत्तर हजार बळी गेले असा अंदाज आहे. त्यांतही म्हाताऱ्यांचा भरणा मोठा, आणि फ्रान्समध्ये सारख्या वयाच्या पुरुषांहून स्त्रियांचे प्रमाण अधिक. उष्णतेची लाट जशी रस्त्यावर मारते तशी ती घरातही मारते. आणि घरात झालेला मृत्यू वयाच्या, हृदयाच्या किंवा मधुमेहाच्या नावावर सहज खपून जातो.

तरीही सार्वजनिक उपदेशाचा भर कशावर? दुपारी बाहेर पडू नका, यावर. जणू घर म्हणजे आपोआप सावली! राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांत मात्र एक शहाणी ओळ आहे: कडक उन्हाच्या वेळी स्वयंपाक टाळावा, आणि स्वयंपाकाच्या जागी हवा खेळती राहावी म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ही सूचना ऐकावयाची कोणी? रांधणारीने? जेवणाची वेळ ती ठरवीत नाही, पानात काय असावे हे ती ठरवीत नाही, कूलर कोणत्या खिडकीस लागावा हेही ती ठरवीत नाही. हा उपदेश जेवणाऱ्यास उद्देशून आहे. आणि जेवणाऱ्याने तो अद्याप वाचलेला नाही.

तेव्हा आमची मागणी गृहिणींकडे नाही, गृहस्थांकडे आहे. पहिली गोष्ट: एप्रिल ते जूनचा पाऊस या काळात सकाळी दहानंतर आणि सूर्यास्तापूर्वी घरात शेगडी पेटू नये. दुपारचे जेवण सकाळचे असावे. ज्या समाजाच्या पाकशास्त्रात दहीभात, ताक, आंबील, सातूचे पीठ, कैरीची डाळ, काकडीची कोशिंबीर आहे, त्यास थंड जेवणाची वानवा नाही. वानवा आहे ती यजमानाच्या समजुतदारपणाची. अन्न नासेल ही भीती रास्त आहे, पण तिला फ्रीज हे उत्तर आहे. आणि ज्यास तव्यावरचीच पोळी हवी त्याने ती स्वतः भाजून घ्यावी. पाच मिनिटांत त्याची भूक आणि मत दोन्ही बदलतील, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दुसरी: उन्हाळ्यात संध्याकाळची शेगडी पुरुषांकडे असावी. तिसरी: घरात पैसा खर्चावयाचा तर प्रथम स्वयंपाकघराच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि गच्चीस पांढरा चुना द्यावा, चुना ऊन परतवतो आणि छत कमी तापते. बैठकीची शोभा मागाहून. चौथी: कामाच्या बाईची वेळ सकाळी लवकर किंवा सायंकाळी असावी, लाटेच्या दिवसांत तिला पगारी सुट्टी मिळावी, आणि “पाणी पी, आमचे शौचालय वापर” हे शब्द घरातील कर्त्या माणसाने तोंडाने उच्चारावेत. मनातल्या मनात दिलेली परवानगी तिला ऐकू येत नाही.

यांतले पुष्कळसे आमच्या घरी आज अमलात आहे. ते घडविण्यास आम्हांस भाषण करावे लागले नाही. उलट बराच काळ तोंड मिटून बसावे लागले. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही लाटलेल्या पोळ्यांस कोणताही नकाशा लाजला असता. आमच्या मातुःश्रींना, ज्यांनी पन्नास उन्हाळे चुलीपुढे काढले, हा सारा प्रकार प्रथम थट्टेचा वाटला. एके दुपारी गार दहीभात जेवून त्या पंख्याखाली आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, “आमच्या वेळी हे कोणाला सुचलं नाही रे.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांस उत्तर देता आले असते.

वाचकांस शेवटी एकच विनंती. आपल्या घरी तापमापक असेलच. नसेल तर तो फार महाग नाही. उद्या दुपारी बारा वाजता तो बैठकीतून काढून, शेगडीची थेट धग लागणार नाही अशा बेताने, ओट्याजवळ टांगावा, आणि शेजारी अर्धा तास स्वतः उभे राहावे. नागपूरचा ५६ अंशांचा आकडा खोटा होता हे सांगावयास वेधशाळा होती. तुमच्या स्वयंपाकघरातील आकड्याचा खुलासा करावयास कोणतेही खाते येणार नाही. तो तुम्हांसच करावा लागेल, आणि जी रोज तेथे उभी असते तिच्यासमोर करावा लागेल.